हेल्मेटमधले साहेब

आमचे साहेब दुपारचा डबा तीन ठिकाणी ठेवायचे. पोळ्या स्वतःच्या कपाटात, भाजी कॅशियरच्या टेबलाखाली आणि भात माझ्या ड्रॉवरमध्ये. मांजर शिरलं, मुंग्या लागल्या, कुणाचा पाय लागून डबा कलंडला, तर सगळं जेवण एकदम जाऊ नये, हा त्यामागचा विचार. आता मी रजेवर गेले की माझ्या ड्रॉवरला कुलूप, म्हणजे साहेब त्या दिवशी भाताविना. कॅशियर आजारी पडला की भाजीचं काय झालं हे दुसऱ्या दिवशी वासावरून कळायचं. पण माणूस पूर्ण उपाशी राहिला असं कधी घडलं नाही, आणि हे ते आम्हाला इतक्या अभिमानाने ऐकवायचे की जणू सगळं जग दुपारचं उपाशीच असतं.

पतपेढीचं मुख्य ऑफिस डहाणूला होतं, आमची शाखा तलासरीला, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. मी नुकतीच नोकरीला लागले होते. मी डहाणूहून एसटीने जायचे, साहेब नरपडहून यायचे आणि आमच्याच गाडीत चढायचे. बसायचे मात्र मागच्या दाराजवळ, कारण पुढून धडक बसली तर मागे बरं आणि मागून बसली तर दार जवळ. दोन्हीकडून बसली तर, असं मी एकदा विचारलं. पुढचे दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. ते उत्तर शोधत होते.

"बुडालं तर?" हा त्यांचा प्रश्न. कर्ज मागायला आलेल्याला तो विचारणं ठीक आहे, त्याचाच पगार होता. पण साहेब तो कुणालाही विचारायचे. कॅशियरचं लग्न ठरलं, तो पेढे घेऊन आला. साहेबांनी पेढा तोंडात टाकला, डोळे मिटले, "वा, छान मुलगी आहे म्हणतात," असं म्हणाले आणि पेढा गिळता गिळता पुढे, "बुडालं तर?" कॅशियरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बिचाऱ्याने त्या दिवशी घरी जाऊन होणाऱ्या बायकोला फोन केला आणि उगाचच तासभर बोलला. पुढे संसार छान झाला त्याचा.

नवरा-बायकोने एका गाडीतून प्रवास करायचा नाही, हाही साहेबांचाच नियम. मुलगी सुरतेला दिलेली, घरात दोघंच. काकू, म्हणजे साहेबांची बायको, पुढच्या एसटीने जायच्या आणि साहेब मागच्या गाडीने, किंवा उलट. लेकीकडे पोचायचं तर एक जण जेवून हात धूत असायचा तेव्हा दुसरा दारात. एकाला काही झालं तर दुसरं उरलं पाहिजे, असं साहेब म्हणायचे. काकूंनी एकदा मला सांगितलं, "मला एकटीला उरून काय करायचंय, ते कधी विचारलं नाही हो ह्यांनी." म्हणाल्या हसून, पण मला ते लागलं.

नरपडला त्यांची चिकूची वाडी होती. आजूबाजूच्या सगळ्या वाड्या चिकूने भरलेल्या, आणि साहेबांच्या वाडीत चिकूच्या मधे नारळ, नारळाच्या मधे सुपारी, सुपारीवर मिरीचा वेल, कडेला आंबा, आणि उरलेल्या जागेत वांगी. चिकूचा भाव पडला तर नारळ आहे, नारळाला रोग आला तर सुपारी. त्यामुळे वाडी कधी पूर्ण बुडाली नाही, आणि खरं सांगायचं तर कधी पूर्ण पिकलीही नाही. शेजारचे बागायतदार एखाद्या चांगल्या हंगामात नवी गाडी घ्यायचे, तेव्हा साहेब वांगी विकत असायचे. आणि शेजाऱ्यांच्या वाईट हंगामातही साहेब वांगी विकत असायचे. एवढ्यावर थांबतील तर ते साहेब कसले. जोखीम विभागायची म्हणून त्यांनी अर्धी वाडी काकूंच्या नावावर करून दिली होती. त्या अर्ध्या वाडीचं उत्पन्न काकूंचं, ते कुठे कुठे थोडं थोडं ठेवायचं हे साहेबांनी त्यांना बसवून समजावलं होतं, आणि काकूंनी मान डोलावली होती. बायका मान डोलावतात तेव्हा नेमकं काय होतं हे साहेबांना ठाऊक नसावं.

कर्जाची चौकशी करायची त्यांची पद्धतही न्यारी. कागद मी बघायचे. साहेब पाड्यावर जायचे, ओट्यावर बसायचे, चहा मागायचे आणि घरातल्या बाईला विचारायचे, "हा महिनाभर आजारी पडला तर चूल कशावर पेटेल?" नवऱ्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. बाई विचार करून काही बोलली की कर्ज मंजूर. बाई नुसती नवऱ्याकडे बघायला लागली की नामंजूर. अंगणात कोंबड्या दिसल्या की साहेबांचा जीव जरा खाली बसायचा. "कागद काय, जळतात," ते म्हणायचे. "कोंबडी उद्याही अंडं देते."

डहाणूला फुग्यांचे कारखाने आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. वाढदिवसाचे फुगे कुठेतरी तयार व्हावे लागतात. असाच एक फुगेवाला शेठ आमच्याकडे कर्जाला आला, कारण डहाणूच्या शाखेने त्याला बसवून ठेवलं होतं. माणूस घरी गुजराती बोलणारा आणि उत्साही. नमुना दाखवावा म्हणून त्याने केबिनमध्ये भलामोठा लाल फुगा फुगवायला घेतला. साहेब खुर्ची मागे मागे सरकवत थेट भिंतीला जाऊन टेकले.

"पुरे, पुरे! फुटला तर?"

"फुटणार तर खराच ने, साहेब! फुटला तर दुसरा घेणार. धंदाच त्याचा हाय."

साहेबांना हे उत्तर फार आवडलं. पण कर्ज दिलं ते एका अटीवर: त्याच रबरातून न फुटणारं असंही काहीतरी काढायचं. शेठ कुरकुरत रबरी हातमोजे बनवू लागला. मग ते वर्ष आलं, ज्यात कुणी कुणाचा वाढदिवस करेना, लग्नं घरात उरकली जाऊ लागली आणि फुग्याला कुत्रं विचारेना. हातमोज्यांना मात्र रांगा. त्या वर्षी शेठने एकही कामगार काढला नाही. तेव्हापासून तो बाजारात सांगत फिरायचा की साहेब देव आहेत. साहेब म्हणायचे, देवावर सगळं टाकू नका, काही भाग दुसरीकडे ठेवा.

हाच उपदेश ते ठेवीदारांनाही करायचे, आणि त्यापायी आमच्या चेअरमनसाहेबांचं रक्त आटायचं. दारात आलेली ठेव परत पाठवणारा मॅनेजर मी दुसरा पाहिलेला नाही. डहाणूजवळच्या आगर गावची एक मावशी तलासरीच्या आठवडे बाजारात सुके बोंबील आणि जवळा विकायची. विकून झालं की पदराची गाठ सोडत आमच्याकडे. लेकीला नर्सिंगला घालायचं होतं, त्याचे पैसे साठत होते.

"मावशी, सगळे इथं नका ठेवू. पतपेढी आहे ही, सरकारी बँक नाही. थोडे पोस्टात टाका."

"पोस्टात रांगेत उभी राहू का बोंबील विकू? घे रे मुकाट्यानं."

साहेब सुस्कारा सोडून घ्यायचे. मावशी गेल्यावर मला म्हणायचे, "हिचे बुडाले तर मी तोंड कुठे दाखवू?" हे ते थट्टेत म्हणत नव्हते. हे सगळं त्यांना खरोखर वाटायचं, आणि म्हणून मला ते आवडायचे. आम्ही हसायचो, पण त्यांना हसून कधी मोडीत काढलं नाही.

अशा माणसाच्या राशीला भूकंप यावा! तलासरी-डहाणूकडे धक्के बसायला लागले तेव्हा लोक घाबरले, बरेच जण अंगणात ताडपत्र्या बांधून झोपायला लागले. साहेबही घाबरलेच, पण त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण तेज आलं. आयुष्यभर जी जमीन हलेल म्हणून ते सांगत होते ती शेवटी खरंच हलली होती. त्यांनी ताबडतोब स्कूटरचं हेल्मेट आणलं आणि ते घालून केबिनमध्ये बसायला लागले. कर्जदार समोर बसून बोलायचा आणि साहेब काच वर करून म्हणायचे, "हं, बुडालं तर?"

शिवाय कवायत. जमीन हलली की कॅशियरने रोकडीची पेटी उचलायची, साहेबांनी तारणाच्या सोन्याची पिशवी, मी किल्ल्या, आणि शिपाईकाकांनी सगळे बाहेर पडल्यावर शटर ओढायचं. मग पळत समोरच्या एसटी स्टँडच्या मोकळ्या आवारात जाऊन उभं राहायचं. "माणूस मेला तर मेला, पण लोकांचं सोनं बेवारशी पडता कामा नये," असं साहेब म्हणायचे. ह्यातला पहिला भाग शिपाईकाकांना फारसा पटला नव्हता.

एका दुपारी, बंद व्हायच्या सुमाराला, धक्का बसला. मोठा नव्हता, पंखा डुलला, माझा चहा बशीत सांडला. पण कवायत ती कवायत. पेटी, पिशवी, किल्ल्या, धडाड्‌दिशी शटर, आणि आम्ही धावलो. गंमत अशी की बाजाराला ह्याचा पत्ताच नव्हता. हायवेवरून मोठे ट्रेलर गेले की तिथली जमीन तशीही थरथरते. त्यातून कुणी रिक्षात, कुणी मोटरसायकलवर, कुणी भाव करण्यात गुंग. त्यांना भूकंप दिसला नाही. त्यांना दिसलं ते एवढंच की भर दुपारी पतपेढीचं शटर पडलं, आणि कॅशियर पेटी घेऊन, मी किल्ल्या घेऊन, आणि सर्वांत पुढे मॅनेजर, डोक्यावर हेल्मेट, काखेत पिशवी, असे जिवाच्या आकांताने पळत सुटलो. स्टँडवर नेमकी गुजरातेत वापीला जाणारी गाडी उभी होती. आम्ही धापा टाकत तिच्याच सावलीला उभे राहिलो. कुणीतरी मोबाईलवर ते सगळं टिपलं.

थोड्या वेळाने परत गेलो तर शटर अडकलेलं. वर जाईना. मागच्या दाराने आत शिरून रोकड-सोनं तिजोरीत ठेवलं आणि घरी गेलो. संध्याकाळपर्यंत मोबाईलवरून आगरपासून नरपडपर्यंत बातमी पोचली होती: पतपेढी बुडाली, मॅनेजर लोकांचं सोनं घेऊन गुजरातला पळाला.

सकाळी आमची एसटी तलासरीला पोचली तर पतपेढीसमोर ही गर्दी! आगरची मावशी सगळ्यांत पुढे, पावती घट्ट धरून. मागे पाड्यांवरचे, बाजारातले, कारखान्यांतले लोक. आमचे देवभक्त फुगेवाले शेठसुद्धा रांगेत.

"शेठ, तुम्हीपण?" मी विचारलं.

"साहेबांवर माझा पुरा विश्वास हाय, बेन. पण बधा, सगळे लोक काढते, तर मी एकटा काय करू?"

तेवढ्यात चेअरमनांचा फोन. दुपारपर्यंत ही गर्दी हटली नाही तर उद्या डहाणूला रांग लागेल, आणि परवा पतपेढी उरणार नाही. ते खोटं नव्हतं. तिजोरीत होतं ते पुढच्या थोड्या लोकांना पुरलं असतं. उरलेल्यांना हात हलवत जावं लागलं असतं, आणि मावशीच्या लेकीसारख्या कितीतरी लेकी त्या उरलेल्यांच्या घरात होत्या.

शटर कसंबसं उघडलं. साहेब पायरीवर उभे राहिले. मागून एक जण ओरडला, "साहेब, आमचे पैसे आत हायत ना?"

एक शब्द पुरला असता. आहेत, एवढंच. साहेबांनी हेल्मेट काढलं, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "नाहीत."

जो काही गलका उठला म्हणता! साहेब स्टुलावर चढले. आधी ते हलवून बघितलं, मग चढले. "अहो, ऐका! पैसे कधीच आत नसतात! आत नुसते बसले तर तुम्हाला व्याज कुठून मिळेल? ते ह्या शेठच्या मशीनमध्ये आहेत, कुणाच्या टेम्पोत आहेत, कुणाच्या बोअरवेलमध्ये आहेत. हळूहळू परत येतात. सगळ्यांनी आज एकदम मागितले तर नाही देता येणार. कुठल्याच बँकेला देता येत नाहीत!"

अक्षर न् अक्षर खरं होतं. गर्दी वळून शेठकडे बघायला लागली. "माझ्याकडे काय बघते? हप्ता टायमावर भरतो मी!" शेठ किंचाळला.

"तुमचे स्वतःचे कुठं ठेवलेत ते सांगा, साहेब!"

आता तरी खोटं बोला, असं मी मनात म्हणत होते. साहेब बोटांवर मोजत सांगायला लागले, "थोडे पोस्टात, थोडे सरकारी बँकेत, थोडे डहाणूच्या दुसऱ्या एका बँकेत, थोडं सोनं, आणि थोडे इथं."

"बघा! ह्यालाच भरवसा नाय!" लोक पायरीपर्यंत सरकले. कॅशियरने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "जरा वाट द्या हो." काकू होत्या, नियमाप्रमाणे मागच्या गाडीने आलेल्या. "माझा नवरा पळून गेलाय म्हणून सगळं नरपड सांगतंय. कुणाबरोबर, ते बघायला आलेय."

पुढचे काही जण हसले. मावशीने मात्र काकूंचा हात धरला. "बाय, तू खरं सांग. तुझे पैशे कुठं हायत?"

"माझे? ह्यांच्या पतपेढीत. डहाणूच्या शाखेत."

"किती?"

"सगळे."

"सगळे?" साहेब स्टुलावरून किंचाळले. त्यांचा आवाज हायवेपर्यंत गेला असेल. "सगळे एकाच ठिकाणी? अगं, बुडालं तर?"

पतपेढीचा मॅनेजर, पतपेढीच्या पायरीवर, पैसे काढायला आलेल्या गर्दीसमोर बायकोला विचारत होता, बुडालं तर. मला वाटलं, संपलं. आणि मग मावशी हसली. तोंडावर पदर घेऊन, पोट धरून. तिचं बघून शेठ, शेठचं बघून सगळे. शिपाईकाका तर खाली बसले.

काकू हसल्या नाहीत. "मी तुमच्या सगळ्या बँका फिरून आले," त्या साहेबांना म्हणाल्या, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "जिथं जावं तिथं मॅनेजर हसून म्हणतो, काळजी करू नका मॅडम. काळजी न करणाऱ्याकडे मी माझे पैसे कशाला ठेवू? तुम्ही नारळाखालून जात नाही. झोपेतून उठून गॅस बघता, मग मला उठवून पुन्हा बघायला लावता. इतका भित्रा माणूस जिथं बसलाय तिथले पैसे बुडतील कसे? दुसरीकडे मिळेल का असा मॅनेजर?"

"खरंय गं बाय," मावशी म्हणाली. तिने पावती कमरेला खोचली आणि टोपली डोक्यावर घेतली. "माझा नंबर कुणाला पायजे तर घ्या. माझा बाजार चाललाय."

"अहो, पण मावशी, फी?" मी म्हटलं.

"फी भरायच्या टायमाला येईन. तवा दे म्हणजे झालं."

ती रांगेतून बाहेर पडली आणि रांगेचा जीवच गेला. शेठ म्हणाला, मी तर बधाला बघायला आलो होतो, आणि निघून गेला. काहींनी पैसे काढलेच. साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि पोस्टाचा पत्ता समजावून सांगितला. दुपारी केबिनमधून आवाज येत होते. साहेब काकूंच्या हातापाया पडत होते, "अगं, निदान अर्धे तरी काढ!" बाहेर अजून चार माणसं बसलेली होती. मी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

काकूंनी एक पैसा काढला नाही. उलट डहाणूची ठेव तलासरीला आणली, ह्यांच्या डोळ्यांसमोर राहू दे म्हणाल्या. त्यानंतर साहेबांनी जी कर्जं दिली ती मी अजून बघते. एकही बुडालेलं नाही. माणसाने इतकं घाबरून काम केलं की तेही होतं.

मागे साहेब निवृत्त झाले, आणि त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. निरोपाच्या दुसऱ्याच दिवशी काकू काउंटरवर आल्या, ठेवीची पावती घेऊन. मला वाईट वाटलं, पण रास्तच होतं ते. ज्या माणसासाठी ठेवले होते तो तर घरी बसलेला. मी पैसे काढायचा फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला.

काकूंनी फॉर्मकडे पाहिलं नाही. माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुला भीती वाटते का गं?"

मी खोटं बोलणार होते. जमलं नाही. "वाटते, काकू."

"फार?"

"काल रात्री जेवण गेलं नाही."

काकूंनी पावती घडी करून परत पिशवीत टाकली.

"मग राहू देत इथंच," त्या म्हणाल्या.